म्हाताऱ्या विमानांची नवार

स्टेशन ते पूर्व भाग

जानेवारीची सकाळ होती. नागपूरच्या थंडीसाठी चढवलेला माझा स्वेटर सोलापूरच्या फलाटावर उतरताच अंगाला टोचू लागला. मला न्यायला आलेले ड्रायव्हर, मारुतीराव, साठीच्या पुढचे गृहस्थ. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या, चप्पल झिजलेली. त्यांनी नमस्कार केला, माझी एक पिशवी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"ह्यात काय दगडं भरल्यात व्हय मॅडम?"

"लोखंडाचे रूळ आहेत दोन."

"सोलापुरात लोखंड मिळत न्हाय म्हनून सांगितलं का काय कुनी?"

"विमानाच्या कामासाठी लागतात," मी म्हटलं.

मारुतीराव थबकले. माझ्याकडे नीट पाहून घेतलं, मग पिशवी पुन्हा उचलली, आणि या वेळी ती खांद्यावर घेऊनच जिन्याकडे चालू लागले.

विमानाच्या कामासाठी सोलापूर, हे ऐकून नागपुरातही सगळे असेच थबकले होते. म्हणून आधी तेच सांगते. लष्कराची जुनी मालवाहू विमानं जिथे दुरुस्तीला येतात, अशा एका कारखान्यात मी नोकरी करते. ही विमानं आली तेव्हा मी शाळेत होते. आता माझे केस पांढरे झालेत आणि त्यांच्या पत्र्यांवर ठिगळं आली आहेत. नवी विमानं हळूहळू येतात, तोवर जुन्यांनाच उडावं लागतं. इंजिनं, पंख दुसरे लोक बघतात. पोट माझ्याकडे. म्हणजे आतली जमीन, बाकं, कड्या, माल बांधायच्या जाळ्या.

यंदा या पोटात एक बदल करायचं ठरलं. सीमेवरच्या ठाण्यांवर रसद पोचवून परतताना, गरज पडली तर त्याच विमानात जखमींची स्ट्रेचर एकावर एक टांगता यावीत. त्यासाठी छताच्या कड्यांपासून जमिनीपर्यंत रुंद पट्टे लागतात, खाटेच्या नवारीसारखेच, पण पोलादाशी स्पर्धा करतील असे. ते पट्टे करणारा परदेशातला कारखाना केव्हाच बंद पडला. तीन विमानांना पट्टे हवे होते, आणि आमच्या गोदामात होते ते दोन विमानांपुरतेसुद्धा नव्हते.

साहेबांनी सोपा उपाय काढला. तिसऱ्या विमानात माल बांधायचे तसलेच जे चांगले पट्टे आहेत ते काढायचे आणि पहिल्या दोघांना लावायचे. आमच्याकडे हे चालतं. पण मी याचा शेवट पाहिलेला आहे. आज पट्टे काढतात, महिन्याने एखादा पंप, मग चाकं, आणि एक दिवस त्या विमानाच्या पोटात कबुतरं राहायला येतात. ते विमान पुन्हा उडत नाही. मी साहेबांशी वाद घातला. शेवटी ते म्हणाले, "सोलापूरहून येईपर्यंत थांबतो. पुढे नाही."

सोलापूरचं कारण असं, की तिथल्या एका विणकराने पाठवलेला नमुना आमच्याकडे होता. दिसायला देखणा. पण आम्ही त्याला शिवून, कडी लावून ताणला, तेव्हा हव्या त्या भाराच्या बराच अलीकडे तो फाटला. फोनवर विणकर म्हणाला, माझ्या विणीत खोट नाही. मी म्हटलं, मग फाटला कसा? तो म्हणाला, येऊन दाखवा. म्हणून मी निघाले होते, तो फाटका पट्टा आणि ते रूळ घेऊन.

गाडी पूर्व भागात शिरली तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खडखड सुरू झाली. मारुतीराव म्हणाले, "आधी हितं बोलायचं म्हंजी वरडाया लागायचं. आता बगा, कितीतरी शेडं गप हायत." खरंच, एक शेड वाजत होतं, पुढची दोन मुकी. एका दारात लूमचे सुटे भाग भंगाराच्या टेम्पोत चढत होते. मी खिडकीतून मान वळवून शेवटपर्यंत बघत राहिले. आमच्याकडचं दृश्य वेगळं नसतं.

सरोजाक्कांचा निवाडा

विणकर व्यंकटेशअण्णा शेडच्या दारातच उभे होते. पन्नाशीचे, बनियन-पायजम्यात, कानात कापसाचे बोळे. आजोबा साड्या विणायचे, वडील चादरी. अण्णांनी अरुंद लूम घेतले आणि दप्तरांचे, ट्रकवरचा माल आवळायचे पट्टे विणू लागले. चहा येण्याआधीच आमचं भांडण सुरू झालं.

"शिवलंय कुणी हे?" फाटका तुकडा हातात घेत अण्णांनी विचारलं.

"आमच्या कारखान्यात."

"सुई बघा की मॅडम केवढी वापरलीय. धागे बाजूला सरकायचे सोडून कापलेत. भोकं बघा."

भोकं खरोखरच होती. मी ती नागपुरात पाहिली नव्हती, कारण मला विणीत खोट सापडायला हवी होती. पण मीही मोकळ्या हाताने आले नव्हते. त्यांच्याच ढिगातला एक कोरा पट्टा उचलला आणि टेबलावर पसरला. तो सपाट बसेना. कडा ताणलेल्या, मध्ये फुगवटा, होडीसारखा.

"काठ जास्त ताणलाय तुम्ही," मी म्हटलं. "भार आला की आधी काठाचे धागे ओढले जातात. ते तुटले की मग बाकीचे. सगळ्यांनी मिळून ओझं उचलायच्या ऐवजी एकेक जण मरतोय."

अण्णांनी पट्ट्यावरून दोनदा अंगठा फिरवला. "काठ ताणला की माल देखणा दिसतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पिशवीवाले तेच मागतात."

इतका वेळ कोपऱ्यात ताण्याचे उभे धागे मांडत बसलेल्या बाई उठल्या. अण्णांच्या विधवा वहिनी, सरोजाक्का. लूमवर चढण्याआधीचं धाग्याचं सगळं काम त्यांच्या हातात. दोन्ही तुकडे त्यांनी पाहिले, अण्णांशी तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि मला मराठीत म्हणाल्या, "अर्धं यानं बिघडवलं, अर्धं तुम्ही. आता हात धुवा. कूर्चोंडी."

म्हणजे बसा. बसले. पानात चिंचेचा पिवळाधमक भात, पुलिहोरा, आणि अंबाडीची भाजी. अंबाडी पाहून मला माहेरची आठवण झाली. आमच्या विदर्भातही ती असते, पण कण्या घालून, मऊ. इथली शेंगदाण्याचं कूट आणि लसणाची. सावजी रश्श्यावर वाढलेली बाई आहे मी, तिखटाला भीत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि शेंगाचटणीचा मोठा घास घेतला. पुढची काही मिनिटं मी बोलू शकले नाही. "तिनंडी, तिनंडी," खा-खा असा आग्रह करत सरोजाक्कांनी दह्याची वाटी पुढे सरकवली. त्या दुपारपासून मी त्यांची वैशालम्मा झाले.

जेवताना कळलं की माझ्याइतकंच अण्णांचंही काहीतरी टांगणीला लागलंय. मुलगा पुण्यात नोकरीला. तो रोज म्हणतो, विका आणि या. "चादरीला गिऱ्हाईक कमी, पिशवीच्या पट्ट्याला दुसरीकडून स्वस्त माल येतो," अण्णा म्हणाले. "हे तुमचं जमलं तर शेड ठेवतो. नाही जमलं तर पाडव्याला कुलूप." सरोजाक्का ताटातला भात उगाच गोळा करत राहिल्या.

एक वाया गेलेला दिवस

काठ सैल करणं ऐकायला सोपं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही त्याच कामात. ताण कमी केला तर काठाला फासे पडायचे. वाढवला की पुन्हा होडी. अण्णांचा लूम बाहेरच्या देशातून, कुणीतरी वापरून टाकलेला आणलेला. त्याची मूळ कंपनी काय झाली कुणाला माहीत नाही. जे मोडतं ते एमआयडीसीतल्या लेथवर करून घेतात. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मीही बाह्या सारल्या, आणि ग्रीसने माखलेले हात घेऊन संध्याकाळपर्यंत लूमच्या पोटात डोकं घालून बसले.

संध्याकाळी जमिनीवर वाया गेलेल्या पट्ट्यांचा ढीग होता, आणि एकही तुकडा सपाट नव्हता. अण्णांनी लूम बंद केला. कानातले बोळे काढले.

"सोडा मॅडम. चादरवाल्यानं विमानाच्या नादी लागू नये. तुमचाही वेळ जातोय."

मी हात पुसले.  मारुतीराव मला सिद्धेश्वरच्या तलावाकडे घेऊन गेले. जत्रा नुकतीच उठली होती. पाळण्यांचे सांगाडे सुटे करून रचत होते, एक बाई उरलेल्या बांगड्या खोक्यात भरत होती. पाण्यावर मंदिराचे दिवे हलत होते. मी पायरीवर बसले आणि साहेबांना फोन करायला मोबाइल काढला. तिसऱ्या विमानाचे पट्टे काढायला घ्या, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. नंबर समोर होता. मारुतीराव शेजारी बसून कडक भाकरी मोडत होते. पापडासारखी पातळ, कडाकडा तुटणारी भाकरी. नागपुरात आम्ही भाकरी मऊ असली तरच तिला भाकरी म्हणतो.

"घ्या," त्यांनी अर्धी पुढे केली. "पट्टा तुटायला अजून येळ हाय, तवर ही तोडा."

मी हसले. मोबाइल पर्समध्ये ठेवला. उद्या दुपारपर्यंत थांबू, असं ठरवलं.

सकाळी शेडमध्ये गेले तेव्हा लूम चालू होता. अण्णांच्या डोळ्यांवरून दिसत होतं की ते नीट झोपले नाहीत. झालं होतं असं, की सरोजाक्का घरी गेल्यावरही चिडलेल्या होत्या. म्हणाल्या, सगळ्या धाग्यांना एकाच ब्रेकने का आवरता? अण्णा म्हणाले, लूमला ब्रेकच एक आहे. मग दोघांचं लागलं, आणि त्या भांडणातूनच निघालं की काठाच्या धाग्यांची रिळं वेगळ्या स्टँडवर ठेवून त्यांना स्वतंत्र ब्रेक देता येईल. ब्रेक म्हणजे काय, तर शिलाई मशीनच्या दोन जुन्या स्प्रिंगा. मी वजनकाट्यावर त्यांचा ताण मोजून मधल्या धाग्यांशी जुळवून दिला. अण्णांनी लूम धिम्या गतीवर टाकला. हातभर पट्टा बाहेर आला. मी तो कापून टेबलावर ठेवला.

सपाट. नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखा सपाट.

 सरोजाक्कांनी जाऊन देवाच्या फोटोला हात जोडले आणि पुन्हा कामाला बसल्या. टोकं शिवायला मी या वेळी बारीक, गोल टोकाची सुई मागवली आणि मशीनवर स्वतः बसले.

बार्शीच्या वाटेवर

पट्टा ताणून पाहायचं यंत्र बार्शीतल्या एका कॉलेजात मिळणार होतं. तिथले एक सर अण्णांच्या ओळखीचे. यंत्र लोखंडी सळया तोडायचं. त्याचा जबडा पट्टा चावून कापेल, म्हणून तर मी ते रूळ आणले होते. पट्टा रुळाला गुंडाळला की जबडा रूळ धरतो, पट्ट्याला इजा होत नाही.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी. एका शेतात हुरडा भाजत होते, धुराचा गोड वास गाडीत आला. पुढे मेंढरांचा कळप आडवा आला आणि गाडी थांबली. मारुतीरावांनी खिडकीतून हाक मारली, मेंढपाळाने हात हलवला. "आमच्या सांगोल्याकडचं हायत," ते म्हणाले. "मीबी हेच करनार हुतो. पन भरतीत नाव लागलं."

मग न विचारता ते बोलू लागले. फौजेत असताना याच विमानांतून ते किती वेळा गेले होते. आत पोत्यांवर बसून, थंडीत कुडकुडत. एकदा वरच्या ठाण्यावर त्यांच्या तुकडीतला दत्तू दरड कोसळून जखमी झाला. रसद घेऊन आलेलं विमान परत निघालं होतं, त्यातच त्याला घातला.

"स्ट्रेचर टांगायची सोय न्हवती ओ त्यात. माल आणायचं इमान ते. जमिनीवर ठिवला, दोरीनं बांदला. पन ढगात शिरलं की इमान असं आपटायचं, आन् स्ट्रेचर सरकायचं. मंग मी बसलो धरून. सगळ्या वाटंत. खाली उतारल्यावर माजी बोटं सरळ व्हईनात. डॉक्टरनं एकेक बोट सोडीवलं."

मागे बसलेले अण्णा पुढे झुकून ऐकत होते. मांडीवरच्या पट्ट्याच्या गुंडाळीवर त्यांचे दोन्ही हात होते.

"मग दत्तूचं काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हतंय त्याला! टेंभुर्णीला हाय की. टायरचं दुकान टाकलंय. येताना जाऊ."

बार्शीत पहिला प्रयत्न मी वाया घालवला. घाईत रुळाला वेढे कमी दिले. भार चढताच पट्टा सर्रकन सुटला आणि सरांच्या टेबलावरचा चहाचा पेला उडाला. सर म्हणाले, "मॅडम, विमानात असं नका करू." मी माफी मागितली, फरशी पुसली, आणि पुन्हा, सावकाश, वेढ्यावर वेढा बसवत गुंडाळलं.

यंत्र गुरगुरू लागलं. पट्टा ताठ झाला, मग वाजवता येईल इतका ताठ. पहिल्या नमुन्याने जिथे जीव सोडला होता तो आकडा मागे पडला. मग आम्हाला हवा होता तो आकडा आला. तो गेला. सर एकेक आकडा मोठ्याने वाचत होते. अण्णांनी डोळे मिटले होते. आकडे चढतच होते, आणि मग बंदुकीसारखा आवाज झाला.

अण्णा धावले. दोन्ही टोकं उचलून खिडकीपाशी नेली. "एका रेषेत तुटलाय," ते म्हणाले. "बघा मॅडम, काठ आणि मध्य एकदम. शिलाईपाशी नाही. मधोमध." स्वतःच्या हाताने विणलेला माल तुटल्यावर इतका आनंदलेला विणकर मी पाहिला नव्हता. त्यांनी आधी सरांना मिठी मारली, मग मारुतीरावांना. माझ्यापाशी येऊन थांबले, आणि संकोचून हात जोडले. मीही जोडले. आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

टेंभुर्णी

टेंभुर्णी आमच्या परतीच्या वाटेवर नव्हतं, पण कुणीच हरकत घेतली नाही. हमरस्त्याच्या चौकात ट्रकांच्या रांगेशेजारी दत्तूभाऊंचं दुकान. टायरांच्या ढिगाआडून ते एका पायावर जरा जोर देत बाहेर आले. दुसरा पाय गुडघ्याखाली लाकडाचा. मारुतीरावांना पाहताच त्यांनी हातातला पाना फेकला.

"हा तुमाला कुटं घावला ओ?" त्यांनी मला विचारलं, आणि मारुतीरावांना पाठीत गुद्दा घातला.

चहा आला. मी कोण, कशासाठी आले, ते मारुतीरावांनी सांगितलं. मी त्या प्रवासाबद्दल काही विचारायची दत्तूभाऊंनी वाटच पाहिली नाही.

"मला काय आठवत न्हाय. यवढंच, की हा माज्या डोक्याशी बसून शिव्या देत हुता. इमानाला, ढगाला, मला. मी मनात म्हनलं, शिव्या देतुया म्हंजी आपन जित्तं हाय."

"मंग काय भजन म्हनू?" मारुतीराव म्हणाले.

"तीच इमानं अजून उडत्यात?" दत्तूभाऊंनी विचारलं.

"उडतात," मी म्हटलं. "अजून काही वर्षं उडतील. पत्रा बदलतो, तारा बदलतो. आता स्ट्रेचर टांगायची सोय करतोय."

अण्णांनी उरलेल्या पट्ट्याची गुंडाळी त्यांच्या हातात दिली. ट्रकवरचा माल आवळायचे पट्टे रोज हाताळणारा माणूस तो. त्यांनी एक टोक स्वतःच्या मुठीत गुंडाळलं, दुसरं मारुतीरावांकडे फेकलं, आणि दोघं म्हातारे चौकात भर दुपारी पट्टा ओढू लागले. एक ट्रकवाला बघत थांबला. पट्टा जराही ढिला पडला नाही. दत्तूभाऊंनी आपलं टोक हळूच सोडलं, आणि अंगठ्याने शिलाई चाचपत म्हणाले, "झ्याक हाय. आता कुनाला धरून बसाया नको."

 मारुतीराव आपल्या टोकाची घडी घालत राहिले, घडी मोडून पुन्हा घालत राहिले.

मी टायरांच्या ढिगाआड जाऊन साहेबांना फोन केला. बार्शीचा आकडा सांगितला.  मग ते म्हणाले, "माझ्यासमोर पुन्हा तोडून दाखवावा लागेल. आणि कागदपत्रं वेगळी."

"दाखवते. तोवर तिसऱ्याला हात लावायचा नाही."

"बरं," साहेब म्हणाले. माझ्या नोकरीत इतका गोड शब्द मी क्वचित ऐकला असेल.

नागपूर

परत आल्यावर सगळं चुटकीसरशी झालं असं मात्र नाही. साहेबांसमोर पट्टे तोडले, मग वरच्यांसमोर तोडले. उन्हात ठेवून, बर्फात ठेवून, तेलात भिजवून तोडले. एकदा रंगामुळे परत पाठवावे लागले आणि अण्णा फोनवर माझ्यावर चांगलेच घसरले. पाडवा होऊन गेला, शेडला कुलूप लागलं नाही. पावसाळ्यात पहिल्या विमानात स्ट्रेचर टांगली, मग दुसऱ्यात. टांगलेल्या स्ट्रेचरवर सगळ्यात आधी मी स्वतः आडवी झाले, आणि सहकाऱ्यांना सांगितलं, हलवा, जोरात हलवा.

तिसरं विमान एका सकाळी निघालं. मी धावपट्टीच्या कुंपणापाशी उभी होते. ते वळून उभं राहिलं, इंजिनं चढू लागली, आणि मी अण्णांना फोन लावला. ते उचलताच म्हटलं, "अण्णा, ऐका!" आणि मोबाइल हात उंच करून विमानाच्या दिशेने धरला. जमीन थरथरली. ते जडपणे धावलं, धावलं, आणि चाकं सुटली. नजरेआड होईपर्यंत मी हात खाली घेतला नाही. मग मोबाइल कानाला लावला.

"ऐकलंत?"

पलीकडून नुसती खडखड येत होती, आणि तिच्यावर आवाज चढवून अण्णा ओरडत होते, "काहीच ऐकू येईना की मॅडम! लूम चालू आहेत इथं, सगळे!"